गोल्फचा फटका : साधने, सल्ले आणि चेंडूची साक्ष

क्रिकेटच्या फलंदाजाकडे चेंडू वेगाने धावून येतो. तो उसळेल की खाली राहील, आत येईल की बाहेर जाईल, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. विटीदांडूत विटी आधी उडवून मग हवेतच टोला हाणावा लागतो. गोल्फमध्ये यांपैकी कसलीच धावपळ नाही. चेंडू जमिनीवर निमूटपणे पडलेला असतो. समोर गोलंदाज नसतो, झेल घ्यायला टपलेला क्षेत्ररक्षक नसतो. तरीसुद्धा स्थिर चेंडूला काठीने मारण्याची ही साधी दिसणारी क्रिया भल्याभल्यांना वर्षानुवर्षे छळते.

या छळामुळेच गोल्फभोवती दोन गोष्टींचे अमाप पीक आले आहे. पहिली गोष्ट म्हणजे फटका सुधारून देण्याचे आश्वासन देणारी साधने, आणि दुसरी म्हणजे एका खेळाडूने दुसऱ्याला मागितल्यावाचून दिलेले सल्ले. यांतले काय उपयोगी पडते, काय अपाय करते आणि का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वाचक म्हणतील की आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फचे मैदान कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे. मग कॉलेजच्या अंकात या विषयाला जागा कशाला? कारण असे की, हाताने करावयाचे कौशल्य शिकताना मनुष्य कुठे चुकतो, याचा इतका बारीक अभ्यास फार थोड्या खेळांत झालेला आहे. शिवाय या खेळात एक विलक्षण प्रकार घडला. फटक्याविषयीचा एक मूलभूत नियम अनेक दशके पुस्तकांतून उलटा शिकवला गेला, आणि लाखो लोकांनी तो एकमेकांना विश्वासाने सांगितला. तबला शिकणाऱ्याने, पोहायला शिकणाऱ्याने, किंबहुना शिकवणाऱ्यानेही या गोष्टीकडे लक्ष देण्यासारखे आहे.

अर्ध्या मिलिसेकंदाची भेट

प्रथम फटका म्हणजे काय ते पाहू. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब बरोबर नेता येतात. क्लबच्या टोकाला जे जड डोके असते त्याच्या पुढच्या सपाट भागास फेस म्हणतात. चेंडूला स्पर्श होतो तो याच भागाचा. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ज्या भोकात तो अखेर जायचा त्याचा व्यास असतो १०८ मिलिमीटर.

क्लब मागे उचलून पुढे फिरवण्याच्या संपूर्ण क्रियेला स्विंग म्हणतात. वर नेलेला क्लब खाली चेंडूपर्यंत येण्यास सेकंदाचा साधारण पाव भाग लागतो. डोळ्यांनी काही पाहून त्याप्रमाणे हाताने हालचाल बदलायलाही मनुष्याला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. याचा अर्थ असा की, एकदा क्लब खाली यायला लागला की मध्येच विचार करून चूक दुरुस्त करण्यास अवसर उरत नाही. जे काही व्हायचे ते आधीच ठरलेले असते.

प्रत्यक्ष चेंडू आणि फेस यांची भेट तर त्याहून अल्प असते. ते एकमेकांना चिकटून राहतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. अव्वल व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या लांब पल्ल्याच्या क्लबचे डोके त्या वेळी ताशी १८० किलोमीटरच्या वर वेगाने जात असते आणि चेंडू त्याच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटतो. चेंडूला खेळाडूची उंची, उभे राहण्याची ऐट किंवा कोपराचा कोन कळत नाही. त्या अर्ध्या मिलिसेकंदात क्लब कोणत्या दिशेने, किती वेगाने चालला होता, फेस कुणीकडे पाहत होता आणि आघात फेसच्या कोणत्या बिंदूवर झाला, एवढेच त्याला कळते.

यात चुकीला जागा किती? फेसची दिशा एका अंशाने चुकली आणि चेंडू तेवढाच तिरका सुटला, तर २०० मीटर अंतरावर तो साडेतीन मीटर बाजूला जातो. शाळेतल्या त्रिकोणमितीने हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. चेंडू हवेत वळला तर ही चूक आणखी वाढते.

पुस्तकातला उलटा नियम

चेंडू हवेत वळतो तो त्याच्या फिरकीमुळे. फिरत्या चेंडूभोवतीची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला रेटला जातो. एडिंबरो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फच्या चेंडूवर या दृष्टीने अभ्यास केला होता. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट याने १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश हौशी खेळाडूंचे अजिंक्यपद जिंकले. बाप गणित मांडतो आहे आणि मुलगा चेंडू मारतो आहे, असा योग क्रीडेच्या इतिहासात क्वचितच आला असेल.

फिरकी कशी येते हे असे समजले. पण चेंडू कोणत्या दिशेने सुटतो आणि कोणत्या दिशेला वळतो, याचा जो नियम शिक्षक शिकवीत तो असा होता : चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने सुटतो आणि मग फेस ज्या दिशेला पाहत असेल तिकडे वळतो. ऐकायला हे पटण्यासारखे आहे. काठी जिकडे चालली तिकडे चेंडू जाणार, असे आपल्यालाही वाटते.

१९६८ साली ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचे ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे केलेल्या प्रयोगांचे सार त्यात होते. चेंडू सुटताना मार्गापेक्षा फेसच्या दिशेला अधिक मानतो, हे त्यातून स्पष्ट होत होते. तरीही पुढची जवळजवळ चार दशके जुनाच नियम शिकवला जात राहिला. या शतकाच्या आरंभी चेंडूचा आणि क्लबचा माग घेणारी रडार यंत्रे सरावाच्या मैदानावर आली, आकडे डोळ्यांसमोर उमटू लागले, तेव्हा कुठे वाद मिटला. आघात फेसच्या मध्यावर झाला तर चेंडूच्या सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा सुमारे ७५ ते ८५ टक्के असतो, उरलेला मार्गाचा. आणि मार्ग व फेस यांच्या दिशांत जो फरक असेल त्यामुळे चेंडू वळतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. समजा, खेळाडूच्या समोर ५० मीटरवर एक झाड आहे आणि त्याच्या बरोबर मागे निशाण आहे. चेंडू झाडाच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवायचा आहे. जुन्या नियमाप्रमाणे फेस निशाणाकडे, म्हणजे झाडाकडेच, ठेवायचा आणि क्लब आठ अंश उजवीकडे फिरवायचा. नियम खरा असता तर चेंडू झाडाच्या सात मीटर उजवीकडून गेला असता. प्रत्यक्षात मार्गाचा वाटा पाव धरला तर चेंडू दोनच अंश उजवीकडे सुटतो. झाडाजवळ पोचेपर्यंत तो जेमतेम पावणेदोन मीटर बाजूला असतो आणि तोवर डावीकडे वळूही लागलेला असतो. तो सरळ फांद्यांत शिरतो. मग खेळाडू म्हणतो, माझा स्विंग बिघडला. वास्तविक त्याने मिळालेली सूचना तंतोतंत पाळलेली असते.

ज्यांनी हा नियम मोडून चेंडू नीट वळवला असे मोठे खेळाडूही तोच नियम इतरांना सांगत असत. हाताला जे येत होते ते तोंडाने निराळेच सांगितले जात होते. कौशल्य असणे आणि कौशल्याचे वर्णन करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे.

नवशिक्याचे दुष्टचक्र

उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जाणे. याला स्लाइस म्हणतात. फेसची दिशा क्लबच्या मार्गाच्या उजवीकडे असली की स्लाइस होतो.

आता खेळाडू काय करतो पाहा. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि क्लब अधिकच डावीकडे ओढतो. मार्ग डावीकडे सरकला, पण फेस होता तिथेच राहिला. म्हणजे दोहोंतला फरक वाढला. चेंडू पहिल्यापेक्षा जास्त वळतो. खेळाडू आणखी डावीकडे वळतो. स्वतःच्या बुद्धीने केलेला, अगदी तर्कशुद्ध वाटणारा उपायच रोग वाढवीत नेतो. काही जण या चक्रात आयुष्यभर फिरतात. मनगटाची पकड थोडी बदलून आधी फेस सरळ आणावा आणि मगच मार्गाकडे पाहावे, हा उपाय त्याला सुचत नाही, कारण फेसची चूक डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त उजवीकडे गेलेला चेंडू.

सल्ला कोणाचा, कोणासाठी?

अशा वेळी शेजारी उभा असलेला स्नेही सल्ला देतो. ‘डोके खाली ठेव’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध सल्ला. क्लब चेंडूच्या माथ्यावर लागून चेंडू जमिनीवरूनच घरंगळला की हे वाक्य हमखास ऐकू येते. पण या चुकीचे कारण पुष्कळदा निराळे असते. क्लबचे डोके एका कमानीतून फिरते. लोखंडी क्लबने मारताना त्या कमानीचा तळ चेंडूच्या थोडा पुढे यावा लागतो. चेंडूला आधी आणि जमिनीला नंतर स्पर्श व्हावा लागतो. शरीराचा भार मागच्या पायावर राहिला तर हा तळ चेंडूच्या मागे पडतो आणि क्लब वर चढत असताना चेंडूला लागतो. डोके दाबून धरल्याने हे सुधारत नाही. उलट शरीर पुढे वळायला अडथळाच होतो. दहा मोठ्या अजिंक्यपदांची मानकरी स्वीडनची आनिका सोरेनस्टाम हिचे डोके तर आघाताच्या वेळीच लक्ष्याकडे वळू लागलेले असे.

दुसरे उदाहरण बेन होगन यांचे. नऊ मोठी अजिंक्यपदे जिंकणाऱ्या या अमेरिकन खेळाडूचे १९५७ सालचे पाच धड्यांचे पुस्तक आजही वाचले जाते. होगन यांना सुरुवातीच्या काळात चेंडू डावीकडे वळण्याच्या दोषाने सतावले होते. त्यावर उतारा म्हणून त्यांनी जी पकड स्वीकारली तिच्यामुळे फेस डावीकडे मिटण्याची शक्यता कमी होई. औषध रोगाला योग्यच होते. पण नवशिक्या वाचकाचा रोग बहुधा त्याच्या उलट, उजवीकडे वळण्याचा असतो. त्याने तीच पकड घेतली की फेस आणखी उघडा राहतो. एकाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य ठरते ते असे.

म्हणून सल्ला मिळाला की दोन प्रश्न विचारावेत. हा सल्ला ज्याच्या उपयोगी पडला त्याचा चेंडू कुणीकडे जात होता? आणि माझा कुणीकडे जातो? दोन्ही उत्तरे एक नसतील तर आभार मानून तो बाजूला ठेवावा.

सल्ल्याच्या शब्दरचनेनेही फरक पडतो, ही गोष्ट संशोधनातून पुढे आली आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात गोल्फ कधीही न खेळलेल्या मंडळींना जवळचा फटका शिकवला. एका गटाला आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, दुसऱ्या गटाला क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचा नेम शिकताना अधिक चांगला राहिला आणि नंतर, काही न सांगता घेतलेल्या चाचणीतही तो तसाच राहिला. आपल्याकडे वाटले जाणारे बहुतेक सल्ले मात्र ‘कोपर सरळ’, ‘गुडघा वाकव’, ‘खांदा आत’ या धर्तीचे असतात. चांगला शिक्षक तीच गोष्ट ‘क्लबचे डोके त्या दगडावरून जाऊ दे’ अशी सांगतो आणि कोपराचे कोपराला बघू देतो.

इंग्लिश शिक्षक अर्नेस्ट जोन्स यांनी हे अनुभवाने ओळखले होते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली त्यांना उजवा पाय गमवावा लागला. एका पायावर उभे राहूनही आपण चेंडू उत्तम मारू शकतो हे त्यांच्या लक्षात आले. पाय, कंबर, खांदे यांविषयीच्या साऱ्या सूचनांचे मग काय महत्त्व उरले? पुढे अमेरिकेत ते एकाच गोष्टीवर भर देऊन शिकवीत : क्लबचे डोके झोक्यासारखे फिरू द्या. त्यासाठी त्यांचे साधन होते रुमालाच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. रुमाल नीट झुलवला तर तो ताठ राहून फिरतो. मनगटाने हिसका दिला की लगेच सैल पडतो.

साधनांचे तीन प्रकार

बाजारातली साधने असंख्य असली तरी त्यांचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग सांगणाऱ्या साधनांचा. काय घडले ते ही साधने दाखवतात, पण हात धरत नाहीत. जमिनीवर लक्ष्याच्या दिशेने ठेवलेली सरळ काठी उभे राहण्याची दिशा दाखवते. फेसवर खडूची पूड लावली तर चेंडू नेमका कुठे लागला त्याचा डाग उमटतो. टाचेकडे लागत असेल तर स्विंगमध्ये दोष नसतानाही चेंडू उजवीकडे वळू शकतो, हे त्यातून समजते. जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढून तिच्यावरून क्लब फिरवला तर गवत कुठून कापले गेले ते पाहून कमानीचा तळ कळतो. मधोमध बिजागरी बसवलेला क्लब हिसका बसताच मोडून पडतो. रडार यंत्र हे याच वर्गातले, फक्त महाग.

दुसरा वर्ग अडवणाऱ्या साधनांचा. हात एकमेकांना बांधणारे पट्टे, कोपर वाकू न देणारी कवचे, क्लबला ठरावीक मार्गानेच जाऊ देणारी कडी, ही त्यांची उदाहरणे. ती लावलेली असताना स्विंग छान दिसतो. काढली की बहुधा पूर्वीचाच दोष परत येतो, कारण योग्य मार्ग शोधण्याचे काम साधनाने केलेले असते, शरीराने नव्हे.

तिसरा वर्ग जाणीव बदलणाऱ्या साधनांचा. जोन्स यांचा रुमाल यातच येतो. क्लब उलटा धरून फिरवला तर हवेत ‘सूं’ असा आवाज येतो; तो चेंडूच्या जागी किंवा किंचित पुढे आला पाहिजे, मागे नव्हे. लक्ष कुठे द्यायचे हे असा आवाज विनाशब्द शिकवतो. जड क्लबाबाबत मात्र सावध राहावे. बेसबॉलच्या फलंदाजांवर झालेल्या प्रयोगात असे आढळले की, जड बॅट फिरवल्यावर साधी बॅट हलकी आणि जलद वाटते, पण लगेचच्या फटक्यात तिचा खरा वेग वाढलेला नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो. जाणीव आणि वस्तुस्थिती यांत तफावत असते ती अशी.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या वर्गातली उत्तमोत्तम साधने जवळजवळ फुकट आहेत. बांबूची काठी, खडू, चुना, रुमाल यांना किती पैसे पडणार?

कुबडी कधी टाकायची?

उपयोगी साधनाचाही अतिरेक होऊ शकतो. १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी शिकण्याविषयीच्या पुष्कळ प्रयोगांचा आढावा घेऊन असे दाखवले की, प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच निकाल सांगत गेल्यास शिकताना कामगिरी चांगली दिसते, पण मदत काढून घेतल्यावर घसरते. शिकणारा स्वतःच्या जाणिवेऐवजी सांगणाऱ्यावर विसंबतो. त्याआधी १९७९ साली शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवरील प्रयोगात असेच काही दाखवले होते : एकच क्रिया ओळीने पुन्हापुन्हा केली तर सराव चांगला होतोसे वाटते, पण निरनिराळ्या क्रिया आलटूनपालटून केल्या तर सराव करताना जड जाते आणि पुढे अधिक टिकते. म्हणजे एकाच क्लबने एकाच दिशेला शंभर चेंडू मारून मिळणारे समाधान फसवे असू शकते. परीक्षेच्या तोंडावर गाईडमधली उत्तरे शेजारी ठेवून गणिते सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

गोल्फच्या नियमांनी तर हा प्रश्न परस्पर सोडवला आहे. २०१९ साली नव्याने मांडलेल्या नियमांनुसार फेरी चालू असताना सराव-साधन वापरता येत नाही. उभे राहण्याची दिशा कळावी म्हणून जमिनीवर काठी ठेवून पवित्रा घेता येत नाही. सल्ल्याचेही तसेच. फटके मोजून होणाऱ्या वैयक्तिक स्पर्धेत खेळाडूला सल्ला मागता येतो तो फक्त आपल्या कॅडीला, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला. शेजारच्या स्पर्धकाला ‘तुम्ही कोणता क्लब वापरलात?’ एवढे विचारले तरी दोन फटक्यांचा दंड होतो. निशाण किती दूर आहे हे मात्र विचारता येते, कारण ती सर्वांसाठी उघड असलेली माहिती आहे.

या नियमाचा फटका मोठमोठ्यांनाही बसला आहे. सात मोठी अजिंक्यपदे जिंकलेली अमेरिकेची जूली इंकस्टर २०१० साली ओरेगॉनमधील एका स्पर्धेत दहाव्या टीवर बराच वेळ ताटकळली. अंग सैल राहावे म्हणून तिने क्लबवर वजनाचे कडे चढवून तो फिरवला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिला स्पर्धेतूनच बाद व्हावे लागले. पुढे २०१६ पासून अशा पहिल्या चुकीची शिक्षा सौम्य करण्यात आली, पण बंदी कायम राहिली. साधन आणि सल्ला यांचे स्थान सरावात आहे. परीक्षेच्या वेळी खेळाडू एकटाच.

ज्यांच्यापाशी साधने नव्हती

स्पेनच्या पेद्रेन्या गावचा सेव्हे बायस्तेरोस लहानपणी क्लबच्या एका लोखंडी डोक्यात काठ्या बसवून समुद्रकिनाऱ्यावर खडे मारीत असे. पुढे त्याने पाच मोठी अजिंक्यपदे जिंकली. आपल्या देशातही असे नमुने आहेत. दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली भारतीय खुली स्पर्धा जिंकली. व्यावसायिक भारतीय खेळाडूने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता क्लबातील हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. इंदूरजवळच्या महूचे मुकेश कुमार यांनी आशियाई व्यावसायिक मालिकेतले आपले पहिले विजेतेपद २०१६ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी मिळवले.

गरिबीमुळे खेळ सुधारतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चांगला क्लब, मैदान आणि शिक्षक न मिळाल्याने किती जण मागे राहिले याची कुठे नोंद नसते. मात्र क्लबात वाढणाऱ्या मुलाला एक मोठी गोष्ट विनासायास मिळते : रोज शेकडो फटके जवळून पाहायला मिळतात, आणि फटक्यानंतर चेंडू कुठे गेला हे शोधणे हेच त्याचे काम असते. कारण आणि परिणाम यांची सांगड त्याच्या डोळ्यांसमोर सतत पडत असते. विख्यात बॉबी जोन्स हेही अटलांटाच्या क्लबात स्टुअर्ट मेडन या स्कॉटिश शिक्षकाच्या मागे हिंडून, त्याची नक्कल करूनच शिकले.

नक्कल म्हणजे साचा नव्हे, हेही खरे. जिम फ्युरिक याचा क्लब वर जाताना एका वाटेने आणि खाली येताना भलत्याच वाटेने जातो. त्याला शिकवले फक्त त्याच्या वडिलांनी. त्यांनी ही वेडीवाकडी वळणे सरळ केली नाहीत, कारण चेंडूपाशी पोचताना फेस दर वेळी योग्य दिशेला असे. या स्विंगने त्याने २००३ साली अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली आणि २०१६ साली एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला.

चेंडूला विचारावे

तेव्हा गोल्फ असो वा अन्य काही, सरावाचा क्रम साधारण असा ठेवावा. आधी दहा-बारा चेंडू मारून ते कुठे सुटतात आणि कुठे वळतात ते कागदावर लिहावे. त्यावरून फेस आणि मार्ग यांपैकी काय चुकते ते ठरवावे. मग एकच सल्ला किंवा एकच साधन घ्यावे; दोन एकदम घेतली तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही. साधन लावून पाच-सहा फटके मारले की ते काढून तितकेच फटके मारावेत, आणि निकाल पाहण्यापूर्वी चेंडू कसा गेला असेल याचा आपला अंदाज मनाशी बोलावा. अंदाज आणि निकाल जुळू लागले की ते साधन ठेवून द्यावे. पंधरा दिवसांनी पहिला कागद काढून ताडून पाहावे. फरक नसेल, तर सल्ला कितीही मोठ्या माणसाचा असला तरी सोडावा.

पुस्तकातला नियम चार दशके चुकीचा राहिला, त्या काळातही प्रत्येक चेंडू सुटताना खरे तेच सांगत होता. झाडाच्या फांद्यांत शिरलेल्या चेंडूंची संख्या काही कमी नसेल. ते चेंडू मोजण्याऐवजी लोकांनी स्वतःच्या हातांना दोष दिला. आपल्या सरावात तेवढे होऊ न देणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. त्याला एक वही आणि एक पेन्सिल पुरेल.